वावरातली भेग आणि दगडाचे खांब

उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर जायंट्स कॉजवे नावाची जागा आहे. समुद्राच्या कडेने रमतगमत चालत गेलं की पायाखाली फरसबंदी सुरू होते. ही फरशी म्हणजे एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या सुमारे ४० हजार दगडी खांबांचे माथे, बहुतेक षट्कोनी. कर्नाटकात मालपेसमोरच्या सेंट मेरी बेटांवरही असे खांब पाहायला लोक होडीने जातात. त्यांचे फोटो पाहून यवतमाळच्या एका वाचकाने विचारलं आहे, ‘असे खांब घडायला समुद्र लागतो का?’

नाही लागत. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातच, झरी जामणी तालुक्यातल्या शिबला-पार्डी परिसरात रस्त्याच्या कामात असेच खांब उघडे पडले आणि चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते लोकांसमोर आणले. खांब घडवले लाव्हाने. आयर्लंडमध्ये समुद्राने ते फक्त धुऊन मोकळे केले.

पण प्रश्न भाबडा नाही. अठराव्या शतकात युरोपातले विद्वान याच प्रश्नावर भांडले. जर्मनीचे अब्राहम व्हेर्नर मानत की बेसॉल्ट, म्हणजे कॉजवेच्या खांबांचा काळा दगड, आदिम महासागराच्या पाण्यातून साकळला. काठावरचे ते रेखीव खांब पाहिले की हे पटण्यासारखंही होतं. पाकातून खडीसाखर जमते, तसंच काहीसं. त्यांच्याही आधी, १७६३ मध्ये, निकोला देमारे यांना समुद्रापासून दूर, फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागात असे खांब दिसले होते. त्या दगडाचा माग काढत ते विझलेल्या ज्वालामुखींपर्यंत पोचले. मग आयर्लंडचे खांब? तिथे कामी आली सुझॅना ड्रुरी ही चित्रकर्ती. तिने कॉजवेची चित्रं इतक्या बारकाईने काढली होती की खांबांचे सांधेसुद्धा दिसावेत. १७४० मध्ये तिला डब्लिनमध्ये त्यासाठी बक्षीस मिळालं, चित्रांच्या छापील प्रती युरोपभर गेल्या. १७६८ मध्ये फ्रेंच विश्वकोशात तिचं चित्र छापलं गेलं, तेव्हा सोबतच्या टिपणात देमारे यांनी हे खांबही ज्वालामुखीचेच, असं सांगितलं. भूशास्त्राच्या पुस्तकात देमारे भेटतात, ड्रुरी क्वचितच. मला हे फार लागतं.

आता वावरात या. मे महिन्यात आपली काळी जमीन हात जाईल एवढी फाटते. ओल वरून उडते, माती आकसते, पण आकसायला आजूबाजूला जागा नसते, म्हणून ती तडकते. ओल खाली सरकेल तशी भेगही खाली उतरते. लाव्हाचंही असंच होतं, फक्त ओलीच्या जागी उष्णता असते. थिजलेला थर आकसून फाटतो आणि थंडावा खाली झिरपतो तसे खांब लांब होत जातात. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रयोगशाळेत बेसॉल्ट तापवून, ताणून पाहिला. तो ८४० ते ८९० अंश सेल्सिअसला तडकतो, म्हणजे लालबुंद असतानाच. भेग एका दमात उतरत नाही, टप्प्याटप्प्याने उतरते. खांबांच्या अंगावर त्याचे आडवे पट्टे राहतात. लाव्हा जितका सावकाश निवतो, तितके खांब जाड.

एक फरक मात्र आहे. वावरात नवी भेग जुन्या भेगेला बहुधा काटकोनात येऊन भिडते. लाव्हातही सुरुवात तशीच होते, पण खाली उतरता उतरता सांधे सरकत जातात, तीन भेगा १२० अंशांनी भेटू लागतात आणि षट्कोन जमतो. आणि मला सर्वांत आवडते ती गोष्ट अशी, की आपली काळी माती याच बेसॉल्टच्या झिजेतून आली आहे. जो दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवताना फाटला, त्याचीच माती दर उन्हाळ्यात पुन्हा फाटते.

खांब सापडले म्हणजे तिथेच ज्वालामुखीचं तोंड होतं, असं ऐकू येतं. तसं मानायला खांब हा पुरावा नाही. दख्खनचा लाव्हा जमिनीतल्या लांबलचक भेगांतून वाहून दूरवर पसरला. शिबल्याला तो कुठून आला, हे खांब सांगत नाहीत. काळजी वेगळीच वाटते. आपल्याकडे बेसॉल्टची गिट्टी होते, आणि खडी फोडणाऱ्या यंत्राला खांब आणि साधा दगड यांत फरक कळत नाही. हे खांब जागेवर, उभेच राहायला हवेत.

तिकडे गेलात तर खांबांच्या बाजू मोजा. सहाच निघतील असं नाही, पाचही निघतात, सातही. वाटेत काळं वावर लागेलच, तिथल्या भेगाही बघा.