'बँक' शब्दाचे नानार्थ

इंग्रजी शिकणाऱ्या पुष्कळ मुलांची अशी समजूत असते की, एका शब्दास एकच अर्थ असावयाचा. तो पाठ केला की शब्दाचे देणे फिटले. ही समजूत किती लटकी आहे हे पाहण्यासाठी कर्जत-खालापूरच्या मुलांस दूर जावयास नको. 'बँक' हाच शब्द घ्या. पैसे ठेवण्याची जागा ह्या अर्थी तो मराठीच होऊन बसला आहे, आणि म्हणूनच तो अधिक फसवा.

मागे एकदा आम्ही वर्गात 'बँकर' म्हणजे काय, असे विचारले. बहुतेकांनी 'पेढीवाला' किंवा 'सावकार' असे सांगितले. रेल्वेतील एका नोकराचा मुलगा उठून म्हणाला, "सर, गाडीला मागून ढकलते ते इंजिन." सारा वर्ग हसला, आणि तो मुलगा खाली बसला तो तास संपेपर्यंत मान वर करीना. वास्तविक त्याचे उत्तर बिनचूक होते. कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणाऱ्या जड गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात, तीच 'बँकर'. (त्या खोळंब्यात उतारूंस वडापाव घेण्यास सवड मिळते, हा अर्थ मात्र कोशात नाही!) १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे, एवढ्या चढावर पुढच्या इंजिनाचे बळ पुरत नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात चढणीस 'बँक' म्हणतात. तेथील शब्द रेल्वेच्या लोकांनी उचलला आणि चढावर ढकलणारा तो 'बँकर' झाला. पैशाअडक्याशी त्याचा काडीइतकाही संबंध नाही.

ह्या 'बँके'चे मूळ उंचवट्यात आहे. उल्हास नदीचा किंवा पाताळगंगेचा काठ ही 'बँक'. रुळांखाली घातलेला मातीचा भराव ही 'बँक'. आषाढात माथेरानच्या माथ्यावर रचून ठेवल्यासारखी दिसणारी ढगांची रास, तीही 'बँक'. वळणावर विमान एका अंगावर कलते, त्या क्रियेसही हाच शब्द लावतात.

मग पैशाची 'बँक' कोठून आली? ती इटलीतून. तेथील सराफ बाजारात बाक मांडून नाणी बदलून देत. त्या बाकास 'बांका' म्हणत. दिवाळे निघाल्यास इंग्रजीत जो शब्द आहे, 'बँकरप्ट', त्याचाही मूळ अर्थ 'मोडलेले बाक' असाच आहे. आणि मौज ही की, ज्यावर बसून मुले हे शब्द घोकतात तो आपला 'बाक' पोर्तुगीज भाषेतून आलेला, म्हणजे ह्या 'बँके'चा सख्खा चुलतभाऊच! फार मागे गेल्यास नदीकाठची 'बँक' व सराफाची 'बँक' ह्या एकाच जुन्या धातूपासून निघाल्या असे भाषापंडित सांगतात. परंतु आज कोशात त्यांची घरे वेगळी आहेत.

इंग्रजी भाषा मोठी लहरी, असे कोणी पालक म्हणतील. त्यांनी आपल्या 'घाट' शब्दाकडे पाहावे. नदीच्या पायऱ्या तो घाट, डोंगरातील वाट तो घाट, घागरीचा आकार तो घाट, आणि लग्नाचा घालतात तोही घाटच. आपण त्यांत कधी गोंधळत नाही, कारण पुढचा-मागचा शब्द आपणांस अर्थ सांगून जातो. इंग्रजी वाचतानाही हाच उपाय.

'द बँकर स्टुड ऑन द बँक' हे वाक्य मुलांनी घरी पालकांस वाचून दाखवावे. पुढच्या वाक्यात मासे व पाणी आले, तर पेढीवाले गृहस्थ नदीकाठी उभे आहेत. पळसदरी व सिग्नल आले, तर इंजिन चढावर खोळंबले आहे.