जिवाला चैन नसते तेव्हा

गावात दंग्याची बातमी आली की पारावर माणसे जमतात. एक सांगतो दहा मेले, दुसरा सांगतो शंभर. ऐकणाऱ्याचा जीव उडून जातो.

एकदा शहरात संचारबंदी लागली. आमचा मुलगा तिकडेच. चार दिवस फोन लागेना. शेवटी आम्ही मोडकी बाज काढली नि सुंभ घेऊन विणत बसलो. काळजी गेली नाही. पण फेरे मोजताना मन धावत नव्हते. रात्री थोडी झोप लागली.

१९४२ साली ९ ऑगस्टला मुंबईत पुढाऱ्यांची धरपकड झाली. पंडित नेहरू, मौलाना आझाद यांना अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात ठेवले. बाहेर देश पेटलेला! नेहरूंनी काय करावे? जमीन दगडगोट्यांची, तरी भर उन्हात खणून फुलांचे वाफे केले. मौलाना पहाटे उठून आपल्या हाताने चहा करीत. खोलीतल्या चिमण्यांना तांदूळ टाकीत. त्या चिमण्यांवर त्यांनी लिहूनही ठेवले आहे.

असे का होते? हाताचे काम डोळा मागते, ध्यान मागते. तेवढा वेळ काळजीला जागा उरत नाही. शिवाय देशाचे काय होणार ते आपल्या एकट्याच्या हाती नसते. वाफा असतो. तो संध्याकाळी पुरा झालेला दिसतो.

पाचव्या दिवशी मुलगा आला. बाज जरा तिरकी झाली होती. तिच्यावरच निजला.