सूडाचा न्याय

चोराच्या घरी चोरी झाली, तर त्याने फिर्याद कोठे करावी? हा प्रश्न वरकरणी विनोदी वाटतो. परंतु गुन्हेगारी जगातील हिंसेचे एक प्रमुख कारण त्यातच दडलेले आहे. अमली पदार्थांचा साठा लुटला गेला किंवा खंडणीच्या वाटणीत फसवणूक झाली, तर पोलीस ठाण्याची पायरी चढणे म्हणजे स्वतःच्याच गुन्ह्याची कबुली देणे होय. ज्याला कायद्याकडे दाद मागता येत नाही, तो स्वतःच फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा बजावणारा होतो. अनेक गुन्हे हे करणाऱ्याच्या दृष्टीने अन्यायाचे परिमार्जन असतात, असे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड ब्लॅक यांनी १९८३ साली प्रतिपादन केले.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे आहे. या जगात दबदबा हेच भांडवल असते. अपमान गिळणारा दुबळा ठरतो आणि दुबळ्याला सारेच लुटतात. म्हणून सूड हा केवळ संतापाचा उद्रेक नसतो. तो पाहणाऱ्यांना दिलेला इशाराही असतो.

मात्र या न्यायात पुराव्याची छाननी नसते, अपील नसते आणि शिक्षेला मापही नसते. मुंबईत १९८१ साली दाऊद इब्राहिमचा भाऊ साबीर मारला गेला. त्या खटल्यातील आरोपी अमीरजादा याला १९८३ मध्ये न्यायालयातच गोळी घालण्यात आली. त्या हत्येमागे असल्याचे मानला गेलेला बडा राजन त्याच वर्षी न्यायालयाच्या आवारात मारला गेला. दिल्लीतही तेच घडले. २४ सप्टेंबर २०२१ रोजी रोहिणी न्यायालयात वकिलांच्या वेषातील दोघांनी टोळीप्रमुख जितेंद्र गोगी याला ठार केले. पोलिसांच्या गोळीबारात तेही तेथेच मरण पावले. या कटाचा सूत्रधार म्हणून पोलिसांनी ज्याच्याकडे बोट दाखविले, तो टिल्लू ताजपुरिया २ मे २०२३ रोजी तिहार तुरुंगात विरोधी टोळीच्या कैद्यांकडून मारला गेला.

प्रत्येक पक्षाला आपला वार हा हिशेबाचा शेवट वाटतो. प्रतिपक्षाला तोच नव्या हिशेबाचा आरंभ वाटतो. हे चक्र थांबविण्यासाठी दोघांहून वेगळा असा त्रयस्थ लागतो. न्यायालयाचे प्रयोजन नेमके हेच आहे. सूडाने न्यायालयाचा उंबरठाच ओलांडला, तेव्हा त्या टोळ्यांचे वैर केवळ त्यांचे राहिले नाही. साक्षीदार, वकील आणि दाद मागायला आलेला सामान्य नागरिक यांचा आधारच डळमळीत झाला.