एक इंच म्हणजे नेमकं किती?

आदिलाबादच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानासमोर सकाळी थोडा वेळ उभं राहिलं, की एकच वस्तू तीन भाषांत मागितलेली ऐकू येते. बेल्याचा, जैनथचा शेतकरी मराठीत बोलतो, दुकानदार तेलुगूत पोऱ्याला हाक मारतो आणि घासाघीस दखनीत होते. नळावरून कुणाचं अडत नाही. किनारी आंध्रात ज्याला कुळाई म्हणतात, तो तेलंगणात 'नल्ला'च आहे. सगळा घोटाळा होतो तो 'इंच' या शब्दावरून.

"अन्ना, एक इंची सॉकेट द्या," असं मीही एकदा म्हणालो होतो. दुकानदाराने दिलं. घरी आमचा पाइप होता शेतातला, 32 मिमीचा. सॉकेट होतं घरगुती प्लंबिंगच्या मापाचं, 33.4 मिमीच्या पाइपसाठीचं. हाताला किंचित सैल लागलं, पण सोल्यूशन दुप्पट फासून मी ते बसवलं. मोटर सुरू केली आणि जोड सुटून अंगणात वाळत घातलेली तूर भिजली. दुकानदाराची चूक नव्हती. मी मागितलं तेच त्याने दिलं होतं.

बाजारात एक इंचाची निदान तीन शरीरं आहेत. शेतीचा आणि नळयोजनेचा पीव्हीसी पाइप आयएस 4985 प्रमाणे बनतो आणि बाहेरच्या व्यासावरून ओळखला जातो: 20, 25, 32, 40, 50, 63 मिमी. यातला 32 म्हणजे शेतातला 'एक इंच'. घराच्या भिंतीतला पांढरा यूपीव्हीसी जुन्या लोखंडी पाइपच्या मापावर बेतलेला, म्हणून त्याचा एक इंच 33.4 मिमी. गरम पाण्याचा पिवळसर सीपीव्हीसी तांब्याच्या नळीच्या मापावर चालतो, त्याचा एक इंच 28.6 मिमी. आणि खरा इंच 25.4. लोखंडी पाइप जुन्या काळी जाड असे, आतला व्यास इंचाच्या जवळपास. पुढे पोलाद सुधारलं, भिंत पातळ झाली, पण जुनी फिटिंग्ज वाया जाऊ नयेत म्हणून बाहेरचं माप तसंच ठेवलं. आपण आजही त्या जुन्या पाइपच्या पोकळीचं नाव घेतो.

आट्यांचंही तसंच. अर्ध्या इंची नळाचे आटे मोजले तर बाहेरून जवळजवळ 21 मिमी भरतात, एका इंचात 14 फेरे, 55 अंशांचा कोन. हा कोन जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने 1841 साली सुचवला. म्हणूनच आजोबांच्या काळच्या पितळी तोटीला आजचा एल्बो बसतो. ही माझ्या मते या धंद्यातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

पण आटे जुळले म्हणजे काम झालं असं नाही. पाइपचे बाहेरचे आटे टोकाकडे निमुळते असतात, पाचरीसारखे. लोखंडी निपल प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत पान्ह्याने आवळला, की पाचर लाकूड फोडते तसं ते प्लास्टिक उलतं. बहुतेकदा त्याच दिवशी नाही, महिन्याभराने. टेफलॉन टेपचे फेरे वाढवले तर ताण आणखी वाढतो. म्हणून तोटी लागते तिथे आत पितळेचे आटे बसवलेला एल्बोच घ्यावा. तो महाग असतो, आणि नेमकी तिथेच काटकसर होते.

सोल्यूशनला लोक डिंक समजतात. ते प्लास्टिकचा वरचा थर विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं, फट बुजवत नाही. माझी तूर भिजली ती यामुळेच. पाइप काटकोनात कापून, कड घासून, पाव फेरा देत आत सारायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा, नाहीतर तो हळूच मागे सरकतो. यूपीव्हीसीचं सोल्यूशन सीपीव्हीसीला चालत नाही. मे महिन्यात तर भराभर काम करावं लागतं, कारण लावलेलं सोल्यूशन जोडण्याआधीच सुकतं.

हवामानाचा हिशेबही इथे धरावाच लागतो. हिवाळ्यात पारा एकेरी आकड्यात आणि उन्हाळ्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीसला. छतावरचा दहा मीटर सीपीव्हीसी पाइप 30 अंशांच्या फरकाने जवळपास दोन सेंटीमीटर वाढतो, लोखंडी जेमतेम चार मिमी. दोन्ही टोकं भिंतीत जखडली, तर ही वाढ शेवटी एल्बोवर निघते. मध्ये एक वळसा ठेवावा, पाइपला पाण्यात मिसळायचा पांढरा रंग द्यावा. ऑइलपेंट सीपीव्हीसीला नको.

श्रीराम सागर धरणाचं पाणी तेलंगणाच्या 'मिशन भगीरथ' या नळयोजनेतून या जिल्ह्यात येतं. पण पाणी दारापर्यंत आलं तरी घरातला दाब छतावरच्या टाकीचाच. टाकी नळापेक्षा चार मीटर उंच असेल तर दाब 0.4 बार, फार नव्हे. एक इंची एल्बो साधारण पाऊण मीटर सरळ पाइपइतका अडथळा करतो. दहा एल्बो म्हणजे साडेसात मीटर, आणि जुन्या घडणीचा ग्लोब वॉल्व एकटाच आठ मीटरच्या घरात. शॉवर रडतो म्हणून पंप आणण्याआधी एल्बो मोजा. वळण लांब बेंडने घ्या, वॉल्व बॉलचा घ्या.

मोरीच्या पाण्याचं गणित वेगळं, त्याला दाब नसतो, उतार लागतो. तिथे काटकोनी एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन बेंड आणि तुंबण्याच्या जागी झाकणाची डोअर टी. आपली न्हाणी तर स्थापत्याच्या इंग्रजी पुस्तकांतही 'नहाणी ट्रॅप' म्हणून जाऊन बसली आहे. तिच्यातलं 50 मिमी पाणी गटाराचा वास अडवतं.

शेवटी एक विनंती. मोटर, गीझर, टाकी, जिथे जिथे यंत्र कधीतरी काढावं लागेल, तिथे युनियन बसवायला सांगा. ती नसेल तर पुढच्या दुरुस्तीला पाइप कापावा लागतो. आणि दुकानात जाताना 'एक इंची' म्हणू नका. जुन्या पाइपचा वीतभर तुकडा, त्यावर छापलेला मानक क्रमांक दिसेल असा, पिशवीत टाका आणि तोच काउंटरवर ठेवा.