विज्ञानाचा विद्यार्थी आणि संगणकाची आज्ञावली

शास्त्रज्ञ होण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या विद्यार्थ्यास आज प्रयोगशाळेतील उपकरणांइतकाच संगणकाचाही परिचय असणे अगत्याचे झाले आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणारे क्षीण संकेत टिपतात. परंतु त्या संकेतांची जुळणी करून आकाशाचे चित्र सिद्ध करणे संगणकावाचून शक्य नाही.

संगणकाने क्रमाने पार पाडावयाच्या आज्ञांची मालिका म्हणजे आज्ञावली. १९५७ साली जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केलेल्या फोर्ट्रान भाषेमुळे गणिती सूत्रे बरीचशी नेहमीच्या रूपात लिहिण्याची सोय झाली. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेली पायथन ही भाषा त्याहून सुबोध असून विनामूल्य मिळते. नवशिक्याने तिच्यापासून आरंभ करण्यास हरकत नाही.

पहिला पाठ लहानसा असावा. समजा, पर्जन्यमापकावरील सात दिवसांच्या नोंदी मिलिमीटरमध्ये १२, ०, ८, २०, कोरी, १०, १० अशा आहेत. पाचव्या दिवशी मोजणीच झाली नाही. बेरीज ६० व नोंदी ६, म्हणून सरासरी १० येते. मात्र कोऱ्या जागी शून्य धरण्याची आज्ञा दिली, तर ६० ला ७ ने भागून सुमारे ८.६ हे उत्तर येईल. संगणक कोणतीही तक्रार करणार नाही. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पाऊस मोजला नाही’ यांतील भेद मनुष्यानेच सांगावा लागतो.

असा प्रमाद किती महाग पडतो, हे १९९९ साली दिसून आले. अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ पोहोचताच नष्ट झाले. पृथ्वीवरील एका आज्ञावलीने यानाला मिळणाऱ्या धक्क्याचे आकडे मेट्रिक एककांऐवजी ब्रिटिश एककांत दिले होते. बेरीज-गुणाकार चुकले नव्हते. एकक चुकले होते.

यास्तव शिक्षकांनी पुढील क्रम पाळावा. प्रथम उदाहरण कागदावर हाताने सोडवून घ्यावे. नंतर त्यातील पायऱ्या साध्या मराठीत लिहवून घ्याव्यात. मगच त्यांचे आज्ञावलीत रूपांतर करावे व उत्तर हाताने काढलेल्या उत्तराशी ताडून पाहावे. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिण्याचा परिपाठ ठेवावा. शाळेत संगणक नसला तरी पहिल्या दोन पायऱ्या फळ्यावर होऊ शकतात, आणि खरे शिक्षण त्यांतच आहे.

संगणक त्वरेने गणित करतो. पण उत्तर खरे आहे काय, ही पृच्छा करणे हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याचेच कर्तव्य होय.