छायाचित्रकारानें मॉडेलशीं कसें बोलावें?



मासिकाच्या गुळगुळीत पानावर उंची वस्त्रें ल्यालेली एखादी युवती आपण पाहतों, तेव्हां आपली अशी समजूत होते कीं, ती नुसती उभी राहिली आणि छायाचित्रकारानें कळ दाबली. वस्तुतः त्याआधीं त्या दोघांमध्यें बरेंच बोलणें झालेलें असतें. फॅशनचें छायाचित्र साधणें अगर बिघडणें हें पुष्कळ अंशीं त्या बोलण्यावर अवलंबून असतें. तें बोलणें कसें असावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

घरच्या समारंभांत छायाचित्र काढणारा "हंसा" म्हणतो आणि तत्क्षणीं सर्वांचे चेहरे ताठ होतात, हा अनुभव कोणास नाहीं? हंसणें ही हुकुमानें होणारी गोष्ट नव्हे. माझें आयुष्य शाळेंत गेलें. "नीट उभा राहा" असें म्हटलें कीं मुलगा खांबासारखा आखडतो. त्यालाच "तेवढा फळा पुसून टाक" असें म्हणावें, म्हणजे त्याचे हातपाय आपोआप मोकळे होतात. मॉडेलच्या बाबतींतही हाच न्याय लागू पडतो. तिला मुद्रा सांगूं नये, कृति सांगावी.

याचें उत्तम उदाहरण १९३३ सालीं अमेरिकेंत घडलें. त्या काळीं फॅशनचीं छायाचित्रें बहुधा स्टुडिओंत, पुतळ्यासारख्या निश्चल उभ्या राहिलेल्या युवतींचीं काढीत. 'हार्पर्स बझार' मासिकाच्या फॅशन-संपादिका कार्मेल स्नो यांना समुद्रस्नानाच्या वेषाचीं तसलीं चित्रें नीरस वाटलीं. त्यांनीं तें काम मार्टिन मुंकाची या हंगेरियन छायाचित्रकाराकडे सोंपविलें. खेळाडूंचीं चित्रें काढण्यांत तो मुरलेला होता. परंतु इंग्रजीचा त्याला गंधही नव्हता. थंडीच्या दिवशीं न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर तो मॉडेल ल्यूसिल ब्रोकॉ हिला हातवारे करून कांहीं सांगूं लागला. तिनें आपल्याकडे धांवत यावें, एवढेंच त्याचें म्हणणें होतें! ती धांवली, तिचा झगा वाऱ्यानें मागें फुगला, आणि तें चित्र त्याच वर्षीं डिसेंबरच्या अंकांत छापून आलें. फॅशनच्या छायाचित्रणाला त्यानें नवें वळण लावलें. शब्द एकही नव्हता, पण कृति स्पष्ट होती.

आतां प्रत्यक्ष रीत पाहूं. काम चालू असतां मॉडेलला स्वतःचें रूप दिसत नसतें. छायाचित्रकाराचे शब्द हाच तिचा आरसा. म्हणून कॅमेऱ्यामागें मौन धरणें हा मोठा दोष होय. बोलणें थांबलें कीं आपलें कांहीं चुकलें अशी शंका तिला येते आणि ती चेहऱ्यावर उमटते. काय साधलें तें आधीं सांगावें. मग एका वेळीं एकच सूचना द्यावी. "हात वाईट दिसतो" हें दूषण झालें. "कोटाची कॉलर दोन बोटांनीं हलकेच धरा" ही सूचना झाली. डावा हात म्हणजे तिचा डावा कीं आपला, हा घोटाळा नेहमींचाच. त्यापेक्षां "खिडकीकडचा हात" असें म्हणावें, अगर समोर उभें राहून स्वतः करून दाखवावें. वस्त्राची चुणी सारखी करावयाची असल्यास तिला विचारल्यावांचून अंगाला हात लावूं नये. शिवाय, अंक निघण्याच्या कित्येक महिने आधीं हीं चित्रें काढावीं लागतात, त्यामुळें लोकरीचे कोट भर उन्हाळ्यांत अंगावर चढतात. अशा वेळीं पाणी व विसांवा देणें हेंही दिग्दर्शनच आहे.

मॉडेल ही कपडे टांगण्याची खुंटी नव्हे. १९५५ सालीं पॅरिसच्या एका सर्कशींत रिचर्ड ॲव्हेडन यांनीं डोव्हिमा हिचें हत्तींच्या मधोमध उभ्यानें चित्र घेतलें. अंगावर दिओरचा सायंकालीन वेष, दोन्ही बाजूंस ते प्रचंड प्राणी, आणि त्यांच्यामध्यें तिचे डौलदार पसरलेले हात! असा डौल हुकुमानें मिळत नाहीं. त्यास तिची कला व परस्परांचा विश्वास लागतो.

मात्र विश्वासाचा गैरफायदा घेणें सोपें असतें. १९३९ सालीं एर्विन ब्लूमेनफेल्ड यांनीं लिसा फॉन्साग्रीव्ह्ज हिला आयफेल मनोऱ्याच्या लोखंडी कडेवर, खालीं पॅरिस शहर पसरलेलें असतां, उभें केलें. नृत्य शिकलेल्या लिसानें तोल संभाळला. चित्र अप्रतिम आलें, पण चित्र चांगलें आलें म्हणून जोखीम योग्य ठरत नाहीं. जिला "नाहीं" म्हणतां येत नाहीं तिच्या होकाराला किंमत ती काय? मॉडेल बहुधा वयानें लहान असते, आणि पुढचें काम कोणाच्या शब्दावर मिळेल हें ती जाणून असते. हें ध्यानांत घेऊन २०१७ सालीं एलव्हीएमएच व केरिंग या फ्रेंच उद्योगसमूहांनीं एक सनद स्वीकारली. सोळा वर्षांखालील मुलींना प्रौढ स्त्रिया म्हणून उभें न करणें, त्याहून मोठ्या पण अज्ञान मुलींसोबत पालक अगर रक्षक असणें, कपडे बदलण्यास आडोसा देणें, इत्यादि गोष्टी तींत आहेत. चांगला छायाचित्रकार सनदेची वाट पाहत नाहीं. काय करावयाचें आहे तें तो आधींच सांगतो आणि नकार शांतपणें ऐकतो.

श्रोतेहो, आपल्या घरींही असे प्रसंग येतात. मुलीचें छायाचित्र स्थळांकडे पाठवावयाचें असतें. चार वडीलधारीं माणसें भोंवतीं उभीं राहून "मान वर, हात खालीं" असा गलका करतात, आणि ती बिचारी आणखीच अवघडून जाते. त्यापेक्षां काढूं का, असें तिला आधीं विचारा. ती हो म्हणाली, तर तिच्या हातीं आवडतें पुस्तक द्या, तिच्याशीं चार गोष्टी बोला, आणि मग कळ दाबा. पुतळा न उतरतां तुमची मुलगी उतरेल.