शब्दावर चालणारी रेकॉर्ड कंपनी

विश्वास म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण नेहमी मोठमोठ्या उदाहरणांतून घेतो. राज्य, नागरिक, सामाजिक करार वगैरे. आज तो फार लहान जागी जाऊन पाहू. दोन-तीन माणसं, भाड्याचं घर, पुठ्ठ्याचे खोके आणि खोक्यांत सात इंची तबकड्या. म्हणजे अंडरग्राउंड बँडच्या रेकॉर्ड काढणारी छोटी, स्वतंत्र कंपनी. तिला 'लेबल' म्हणतात ते तबकडीच्या मधोमध असलेल्या गोल कागदावरून. आणि 'अंडरग्राउंड'चं भाषांतर 'भूमिगत' करायला आम्ही तयार नाही, कारण भूमिगत म्हटलं की आपल्याला बेचाळीस साल आठवतं. इथे अर्थ इतकाच, की मोठ्या कंपन्या ज्यांना विचारत नाहीत आणि रेडिओ ज्यांना वाजवत नाही, असे बँड.

उदाहरण अमेरिकेतलं घेऊ. १९८० साली वॉशिंग्टन शहरात टीन आयडल्स नावाचा चार मुलांचा पंक बँड होता. इयन मकाय बास गिटार वाजवायचा, जेफ नेल्सन ड्रम. दोघंही नुकतीच शाळा संपवलेली, अठरा वर्षांची. वर्षभर जे कार्यक्रम झाले त्यांचे पैसे त्यांनी वाटून न घेता सिगारच्या एका डब्यात साठवले होते. बँड मोडला तेव्हा डब्यात सुमारे ६०० डॉलर निघाले. चौघांत वाटले असते तर प्रत्येकी दीडशे. त्यांनी ठरवलं की आपण काय वाजवलं याची रेकॉर्ड काढायची. 'मायनर डिस्टर्बन्स' नावाची आठ गाण्यांची ती तबकडी, हजार प्रती. ज्या बँडची रेकॉर्ड निघत होती तो बँड अस्तित्वातच नव्हता! कोणताही व्यापारी याला वेडेपणा म्हणेल. पण या वेडेपणातून डिसकॉर्ड रेकॉर्ड्स ही कंपनी जन्माला आली आणि ती आजही चालू आहे. (नावातली गंमत अशी, की डिसकॉर्ड म्हणजे बेबनाव. स्पेलिंगमध्ये जादा 'एच' घालून त्यात त्यांनी 'कॉर्ड', म्हणजे स्वरमेळ, बसवला.)

रेकॉर्डचं कव्हर कसं करतात हे या मुलांना माहीत नव्हतं. त्यांनी इंग्लंडहून आलेल्या एका सिंगलचं कव्हर अलगद उकललं, कागदावर ठेवून त्याचा आकार गिरवला आणि त्याप्रमाणे छापून घेतलं. मग मित्रमंडळी जमवून हजार कव्हरं कात्रीने कापली, दुमडली, चिकटवली. हे ऐकून आपल्याकडच्या साठच्या दशकातल्या लघुअनियतकालिकांची आठवण होणं साहजिक आहे. अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे ही मंडळी ज्या हिमतीने अंक काढत होती ती याच जातीची.

हे करता येतं, हे तीन-चार वर्षं आधी इंग्लंडमध्ये सिद्ध झालं होतं. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने मित्रांकडून, घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. हजार प्रतींपासून सुरुवात झाली आणि खप पुढे सोळा हजारांपर्यंत गेला. १९७८ मध्ये स्क्रिटी पोलिटी या बँडने तर आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर रेकॉर्डिंगला किती लागले, छपाईला किती लागले, असा सगळा खर्चच छापून टाकला. हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या धंद्यात खर्च लपवून नफा काढतात, त्या धंद्याचं गुपित त्यांनी तबकडीच्या पाठीवर उघडं केलं.

आता हा खर्च होतो कुठे, ते नीट समजून घेऊ, कारण पुढचा सगळा नैतिक प्रश्न त्यावर उभा आहे. व्हायनलची तबकडी करताना आधी लॅकर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर आवाजाची खोबण कोरतात. त्यावर चांदीचा पातळ थर देतात आणि मग विजेच्या साहाय्याने निकेलचा जाड थर चढवतात. निकेल सोलून काढलं की उलटा साचा मिळतो. त्यावरून 'मदर' आणि मदरवरून 'स्टँपर' तयार होतो. शेवटी प्लास्टिकचा गरम गोळा दोन स्टँपरच्या मध्ये दाबायचा. म्हणजे पहिली तबकडी हातात येण्याआधीच बरेच पैसे गेलेले असतात. त्यानंतर प्रत्येक तबकडीला लागणारं प्लास्टिक आणि कागद स्वस्त. दोनशे प्रती काढल्या तर एक प्रत महाग पडते, हजार काढल्या तर स्वस्त. साहजिकच मन म्हणतं, हजार काढू. आणि मग त्यातल्या सातशे पलंगाखाली पडून राहतात. छोट्या लेबलचा मालक व्हायचं तर खोके उचलायची आणि खोक्यांबरोबर झोपायची तयारी हवी.

पण तबकड्या न खपणं हे संकट समजायला सोपं आहे. खपणं हे जास्त अवघड संकट आहे. ते कसं, पाहा.

टीन आयडल्सनंतर मकाय आणि नेल्सन यांनी मायनर थ्रेट हा बँड काढला. १९८३ मध्ये त्यांची 'आउट ऑफ स्टेप' ही रेकॉर्ड निघाली आणि पहिली खेप हां हां म्हणता संपली. दुकानं आणखी मागू लागली. कंपनीकडे मात्र दुसऱ्या खेपेला पैसे नव्हते! तबकड्या काढून देणारा कारखाना पैसे आगाऊ मागतो. वितरक माल आज उचलतो आणि पैसे काही महिन्यांनी देतो, तेही त्याच्या मर्जीने. म्हणजे जितका खप जास्त, तितकं खेळतं भांडवल बाहेर अडकलेलं. किराणा दुकान चालवलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको, उधारीवर धंदा वाढला की गल्ला रिकामा होतो. डिसकॉर्डला यातून लंडनच्या सदर्न स्टुडिओच्या जॉन लोडर यांनी वाचवलं. तबकड्या काढण्याचा खर्च आधी त्यांनी उचलायचा आणि विक्रीतून तो वळता करून घ्यायचा, अशी ती व्यवस्था होती.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. डिसकॉर्ड बँडशी लेखी करार करत नाही. रेकॉर्डचा खर्च निघाला की उरलेला नफा ठरल्याप्रमाणे वाटायचा, एवढंच तोंडी बोलणं. वकील नाही, सही नाही. यावर दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात. काही जण म्हणतात, किती उदात्त! काही म्हणतात, किती भाबडं! आम्हाला दोन्ही चुकीच्या वाटतात.

डेव्हिड ह्यूम हा स्कॉटिश तत्त्वज्ञ इथे मदतीला येतो. १७३९-४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'मानवी स्वभावावरील ग्रंथा'त एक उदाहरण आहे. दोन माणसं एक होडी वल्हवतायत. दोघांनी एकमेकांना कसलंही वचन दिलेलं नाही. तरी दोघं तालात वल्ही मारतात, कारण एक थांबला की होडी गोल फिरते आणि दुसऱ्याला ते लगेच दिसतं. विश्वास इथे सद्गुणातून आलेला नाही. तो समोरासमोर बसण्यातून आलाय. त्याच ग्रंथात पुढे दुसरं उदाहरण आहे. दोन शेजाऱ्यांचं एक सामाईक कुरण आहे, त्यात पाणी साचलंय. दोघं मिळून ते पाणी सहज काढू शकतात, कारण एकाने अंग चोरलं तर काम बुडणार, हे दोघांना कळतं. पण तेच काम हजार माणसांवर सोपवा. जो तो दुसऱ्यावर ढकलणार आणि कुरण तसंच राहणार.

ह्यूमची ही दोन उदाहरणं हातात घेऊन डिसकॉर्डकडे पाहिलं, की तिचा एक नियम एकदम उलगडतो. ही कंपनी फक्त वॉशिंग्टन आणि आसपासच्या बँडच्याच रेकॉर्ड काढते. बाहेरचा बँड कितीही चांगला असला तरी नाही. वरवर हा प्रांताभिमान वाटतो. आमच्या मते तोंडी करार टिकण्याची ती अटच आहे. ज्या बँडशी आपण बोललो, तो उद्या त्याच गल्लीत, त्याच कार्यक्रमात भेटणार आहे. हिशेबात गडबड झाली तर चारचौघांत कळणार आहे. होडी लहान ठेवली म्हणून वल्ही तालात पडतात.

आणि होडी मोठी केली की काय होतं, याची दोन उदाहरणं इंग्लंडमध्ये सापडतात.

पहिलं रफ ट्रेड. १९७६ मध्ये जेफ ट्रॅव्हिस यांनी पश्चिम लंडनमध्ये रेकॉर्डचं दुकान काढलं. त्यातूनच १९७८ मध्ये लेबल निघालं. नफ्याची वाटणी बँडला अर्धी, कंपनीला अर्धी. मोठ्या कंपन्या तेव्हा कलावंताला जे देत त्याच्या तुलनेत हे फारच उदार होतं. १९७९ मध्ये स्टिफ लिटल फिंगर्स या बँडचा पहिला अल्बम एक लाखाच्या वर खपला, स्वतंत्र कंपनीसाठी ही अपूर्व गोष्ट होती. मग देशभरातल्या छोट्या दुकानांना जोडून वितरणाचं जाळं उभं राहिलं आणि कितीतरी लहान लेबलं आपला माल त्यातून पाठवू लागली. १९९१ मध्ये ते वितरण कोसळलं. त्याबरोबर ज्यांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं अशा लहान लेबलांचेही पैसे बुडाले, कारण त्यांच्या विकलेल्या मालाची रक्कम त्याच गल्ल्यात होती. अर्धी-अर्धी वाटणी करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, यात आम्हाला शंका नाही. पण एव्हाना कुरणावर हजार माणसं आली होती आणि कुणाचं वल्हं कुठे अडकलंय, हे कुणालाच दिसत नव्हतं.

दुसरं मँचेस्टरचं फॅक्टरी रेकॉर्ड्स. टोनी विल्सन आणि त्यांच्या मित्रांची ही कंपनी, जॉय डिव्हिजन आणि नंतर न्यू ऑर्डर हे बँड तिचे. तिच्या कराराची कथा प्रसिद्ध आहे. विल्सन यांनी एका कागदावर, स्वतःच्या रक्ताने असं म्हणतात, लिहून दिलं होतं की सगळं संगीत कलावंतांच्या मालकीचं, कंपनीचं काही नाही. पुढे कंपनी पैशाने हवालदिल झाली. १९९२ मध्ये लंडन रेकॉर्ड्स तिला विकत घ्यायला आली आणि तेव्हा हा कागद पुढे आला. विकत घेण्यासारखं काही उरलंच नाही! व्यवहार फिसकटला, फॅक्टरी बुडाली, आणि न्यू ऑर्डरने थेट लंडन रेकॉर्ड्सशी बोलणी केली. हा प्रसंग बहुतेक लोक विनोद म्हणून सांगतात. आपण तो कलावंतांच्या बाजूने पाहू. कंपनी बुडाली तरी त्यांची गाणी कंपनीच्या कर्जाबरोबर लिलावात गेली नाहीत. त्या कागदाने आपलं काम चोख केलं होतं. मात्र तोच कागद बँडला वेळेवर पैसे मिळवून देऊ शकला नसता. मालकी एक गोष्ट, हिशेब दुसरी. छोटं लेबल काढणाऱ्या तरुणांशी बोलताना आम्हाला हा घोळ वारंवार दिसतो. मालकीवर रात्र रात्र वाद घालतात आणि किती प्रती छापल्या, किती विकल्या, किती फुकट वाटल्या, याची वही ठेवत नाहीत. शब्दावर व्यवहार करायचा असेल तर वही जास्त काटेकोर हवी. कारण बँड मोडतात, माणसं गाव सोडतात, आणि पाच वर्षांनी चौघांच्या चार आठवणी असतात.

करार नाही, म्हणजे बँड उद्या सोडूनही जाऊ शकतो. जातातही. डिसकॉर्डचा जॉबॉक्स हा बँड नव्वदच्या दशकात अटलांटिक या बड्या कंपनीकडे गेला आणि १९९४ मध्ये तिथे त्यांचा अल्बम निघाला. डिसकॉर्डने अडवलं नाही, अडवायला काही साधनच नव्हतं. पुढे २००९ मध्ये तोच अल्बम पुन्हा काढायची वेळ आली, तेव्हा तो काढला बँडच्या सदस्यांच्या डिसोटो या लेबलने आणि डिसकॉर्डने मिळून. लेखी कराराने बांधून ठेवलेल्या बँडच्या बाबतीत असं क्वचितच होतं. तिथे शेवटचं बोलणं बहुधा वकिलांमार्फत झालेलं असतं.

किमतीबद्दल थोडक्यात. मकाय यांचा पुढचा बँड फुगाझी. त्यांच्या कार्यक्रमाचं तिकीट शक्यतो ५ डॉलर, कोणत्याही वयाच्या माणसाला प्रवेश. डिसकॉर्डच्या रेकॉर्डवर टपालाने मागवायची किंमत छापलेली असे, म्हणजे दुकानदाराने जास्त घेतले तर गिऱ्हाइकाला लगेच कळावं. ॲरिस्टॉटलने घर चालवण्यासाठी मिळवणं आणि मिळवण्यासाठी मिळवणं यांत फरक केला होता. पहिल्याला मर्यादा असते, दुसऱ्याला नसते. इथे ती मर्यादा तबकडीवर छापलेलीच होती.

आज कुणी विचारेल, गाणं घरबसल्या जगभर पोचवता येतं, मग लेबल कशाला? प्रश्न रास्त आहे. तबकड्या काढण्याची अडचण तशीच आहे, उलट वाढली आहे. लॅकरच्या चकत्या करणारे जगात दोनच कारखाने उरले होते, त्यातला कॅलिफोर्नियातला एक फेब्रुवारी २०२० मध्ये जळून खाक झाला. पण लेबलचं एक काम कोणत्याही यंत्राने कमी झालेलं नाही. ते म्हणजे बँड नसताना त्याचं संगीत सांभाळणं. टीन आयडल्सच्या डब्यापासून हेच काम चालू आहे. फुगाझीने २००२ नंतर कार्यक्रम केलेले नाहीत, पण त्यांनी आपल्या आठशेच्या वर कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं करून ठेवली होती. २०११ पासून डिसकॉर्ड ती एकेक करून लोकांना उपलब्ध करून देत आहे. सुचवलेली किंमत ५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या तिकिटाइतकीच. पण ऐकणाऱ्याला वाटलं तर तो एक डॉलर देऊ शकतो, वाटलं तर शंभर.

ऐकणारा समोर बसलेला नाही, होडीत नाही, तरी त्याच्यावर विश्वास टाकलाय. ह्यूमच्या चौकटीत हे बसत नाही, हे आपल्यापैकी काहींच्या लक्षात आलं असेल. म्हणून पुढच्या व्याख्यानात आपण कांटकडे वळू आणि परत करण्याचा इरादा नसताना उसने पैसे मागणारा त्याचा तो कर्जदार तपासू.